गावच्या इतिहास मंडळानं कार्यक्रम घ्यायचे ते कसे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात तुमच्या गावात तुम्ही पोरांनी मिळून इतिहास मंडळ काढलं, पहिलंच व्याख्यान देवळाच्या सभागृहात ठेवलं, बेळगावहून वक्ते आणले आणि ऐकायला आली ती बहुतेक तुमच्याच घरची माणसं. आता पुढं काय करावं, असं विचारलंय.

मंडळ बंद करू नका. फक्त व्याख्यान वर्षभर बाजूला ठेवा. गावातला माणूस इतिहासाला कंटाळलेला नसतो, खुर्चीवर बसून दुसऱ्याचं ऐकायला कंटाळलेला असतो. कडोली, उचगाव, येळ्ळूरला गावकरी स्वतः मराठी साहित्य संमेलन भरवतात. सकाळी ग्रंथदिंडी निघते तेव्हा गल्लीगल्लीतून माणसं बाहेर पडतात, कारण कुणाकडं मांडव असतो, कुणाकडं जेवण, कुणाच्या पोरी लेझमात असतात. तुमच्या व्याख्यानात गावाला करायला काय होतं? टाळ्या वाजवण्यापलीकडं काहीच नव्हतं.

म्हणून कार्यक्रम गावातल्या एखाद्या वस्तूभोवती बांधा आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या हाताला काहीतरी काम द्या. मी सुरुवात वीरगळापासून, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीत उभारलेल्या कोरीव दगडापासून, करायला सांगेन. आपल्या भागात वेशीजवळ, देवळामागं, तळ्याच्या काठी वीरगळ सापडतातच, आणि बहुतेक ठिकाणी लोक त्याला नुसता देव म्हणून तेल घालत आलेत. रविवारी सकाळी गावाला तिथं जमवा. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई असते: ढालतलवार, घोडा, कधी गाईगुरं. गुरं असली तर तो माणूस बहुधा जनावरं राखताना किंवा सोडवून आणताना पडलाय. त्याच्या वरच्या चौकटीत अप्सरा त्याला उचलून नेतात. त्याहून वर तो शिवलिंगापुढं हात जोडून बसलेला असतो आणि माथ्यावर चंद्रसूर्य. हे खालून वर बोट ठेवून दाखवलंत की म्हातारी माणसं स्वतःच बोलायला लागतात. शेजारच्या शिवारातला दगड आठवतो, बांधाखाली गेलेला आठवतो. तुमची पुढची यादी तिथंच तयार होते.

मग पोरांना कामाला लावा. एकानं टेप धरायचा, एकानं उंची, रुंदी, जाडी लिहायची, एकानं दगडाचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते बघायचं, एकानं शेतमालकाला विचारून उताऱ्यावरचा सर्व्हे नंबर घ्यायचा. फोटो भर दुपारी काढू नका, कोरीवकाम सपाट दिसतं. सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरकं ऊन घ्या. अक्षरं झिजलेली असतील तर अंधार पडल्यावर बॅटरी दगडाच्या अगदी कडेला धरून उजेड आडवा टाका. दिवसा न दिसलेल्या ओळी उठून दिसतात, आणि अख्खा गाव तिथं गोळा होतो. साफ करायचं तर पुजाऱ्याला किंवा मालकाला विचारून, मऊ ब्रश आणि साधं पाणी. तारेचा ब्रश नको, अ‍ॅसिड नको, आणि कृपा करून ऑइलपेंट तर अजिबात नको. भक्तीनं रंगवलेल्या शिळांवरची अक्षरं कायमची बुजतात, हे बघून जीव तुटतो.

शिलालेख निघाला तर तो हळेकन्नड (जुन्या कन्नड) किंवा संस्कृतात असण्याचीच शक्यता जास्त. तिथं कन्नड लिपी जाणणारा अभ्यासक बोलवा आणि त्याचं बोलणं मराठीत सांगायला गावातलाच कन्नड शाळेत शिकलेला एखादा मुलगा उभा करा. हे मी मुद्दाम सांगतोय. सीमाभागात इतिहासाचा कार्यक्रम म्हटला की आधी हेच बघितलं जातं की हा कुणाच्या बाजूचा. तुमच्या मंडळाला टिकायचं असेल तर बाराव्या शतकातल्या दगडाला आजच्या वादात साक्षीला उभं करू नका. दगडावर कन्नड आणि घराघरांतल्या दप्तरात मोडी, असाच आपला प्रदेश आहे. दोन्ही वाचणारी माणसं एका सतरंजीवर बसली की कार्यक्रमही बरा होतो आणि पोलिसांची परवानगीही लवकर मिळते.

मोडीचा दिवस हा दुसरा कार्यक्रम. हा सगळ्यात जास्त फळ देतो आणि सगळ्यात जपून करायचा असतो. लोकांना सांगा की ट्रंकेतली, माळ्यावरची, रुमालात बांधलेली जुनी कागदं घेऊन या, वाचणारा माणूस आणलाय. पहिल्यांदा फारसं कुणी येणार नाही, कारण भाऊबंदकी. जमिनीचा वाद कोर्टात असला की माणूस आज्याच्या हातचा कागद शेजाऱ्याला दाखवत नाही, आणि त्याचं चूकही नाही. तेव्हा आधीच जाहीर करा: कागद मालकाच्या हातातच राहील, वाचन बाजूच्या खोलीत फक्त त्याच्यापुढं होईल, त्यानं हो म्हटल्याशिवाय फोटो काढला जाणार नाही आणि चारचौघांत वाचलाही जाणार नाही. हा शब्द पाळलात की दुसऱ्या वर्षी लोक आपण होऊन येतात.

कागदावर पहिल्यांदा तारीख शोधा, कारण लोकांना तीच हवी असते. समजा कागदावर ‘सन सीत अशरीन मयातैन व अलफ’ असं आलं. सीत म्हणजे सहा, अशरीन वीस, मयातैन दोनशे, अलफ हजार. झाले १२२६. ही शुहूर सनाची मोजणी, म्हणजे जुन्या मराठी कागदांतली अरबी आकड्यांची कालगणना. तिच्यात ५९९ मिळवले की इसवी सन १८२५ येतं, आणि वर्ष मृगाच्या सुमाराला सुरू होत असल्यामुळं कागद जून १८२५ ते मे १८२६ मधला ठरतो. मग सांगायचं की कित्तूरच्या राणी चन्नम्माची इंग्रजांशी लढाई होऊन, त्यांचा कलेक्टर थॅकरे पडून तेव्हा फार दिवस झाले नव्हते, ती २३ ऑक्टोबर १८२४ ची गोष्ट, आणि त्याच सुमाराला तुमच्या पणज्याचा पणजा या शेताचा सारा भरत होता. एवढं ऐकल्यावर माणूस तो कागद पुन्हा ट्रंकेत कोंबत नाही. त्याला सांगा की चिकटपट्टी लावू नको, लॅमिनेशन तर मुळीच करू नको, सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेव. खानापूरच्या पावसात दमट भिंतीला टेकलेली पेटी दोन पावसाळ्यांत कागद खाते.

लक्ष्मीयात्रेच्या हिशेबाच्या वह्या विचारायला विसरू नका. आपल्याकडं महालक्ष्मीची यात्रा काही वर्षांच्या अंतरानं भरते, आणि पंचांकडं वर्गणीच्या, मानकऱ्यांच्या, रथाच्या खर्चाच्या वह्या असतात. कुठल्या घराकडं कुठला मान होता, सुतार कुठून आणला, भाताचा भाव काय होता, सगळं त्यात मिळतं. राजांच्या इतिहासाची पुस्तकं आहेत, ही वही दुसऱ्या कुणाकडं नाही.

जुन्या फोटोंचं थोडक्यात सांगतो. फोटो ठेवून घेऊ नका, तिथल्या तिथं मोबाइलवर उतरवून परत द्या, आणि डावीकडून उजवीकडं नावं त्याच वेळी लिहून घ्या. नावं सांगणारं माणूस पुढच्या वर्षी असेलच असं नाही.

बायकांना संध्याकाळी सभागृहात बोलावून त्या येणार नाहीत. दुपारी कुणाच्या तरी सोप्यात बसा, एखाद्या शिक्षिकेला पुढं करा. ‘जुना इतिहास सांगा’ असं म्हटलं की त्या म्हणतात, आम्हाला काय माहीत. लग्नाची वरात कुठल्या वाटेनं आली, दळण कुठं व्हायचं, गावात वीज आली तेव्हा पहिला दिवा कुणाच्या घरात लागला, जात्यावर काय म्हणायचा, असं विचारा. रेकॉर्डिंगला आधी परवानगी घ्या.

सहलीचं विचारलंत. लांब जायची गरज नाही, नंदगड आणि हलशी एका दिवसात होतात. नंदगडला २६ जानेवारी १८३१ रोजी कित्तूरच्या राणीचा लढवय्या संगोळ्ळी रायण्णा याला इंग्रजांनी फाशी दिली. हलशी म्हणजे कदंब राजांची पलाशिका. तिथं सापडलेल्या ताम्रपटांवरून बनवासीच्या कदंबांचा बराच इतिहास उलगडला, आणि भूवराह नरसिंह मंदिरातले समोरासमोरचे दोन गाभारे बघायला पोरंसुद्धा थांबतात. नंतर कधीतरी बेळगावचा किल्ला करा. दारातली दुर्गा, १२०४ मधली रट्ट राजांच्या काळातली कमल बसदी (जैन मंदिर), असद खान लारीनं १५१९ मध्ये बांधलेली सफा मशीद आणि १८९२ मध्ये विवेकानंद बेळगावला आले तेव्हा तिथले वन अधिकारी हरिपद मित्रांकडं राहिले ती जागा, सगळं पायी बघून होतं. किल्ला लष्कराच्या हद्दीत आहे, तेव्हा फोटो कुठं काढायचे ते आधी विचारून घ्या. पंचवीसच्या वर माणसं नेऊ नका, मागच्यांना ऐकू जात नाही.

तारखेचं नीट बघा. जागतिक वारसा सप्ताह १९ ते २५ नोव्हेंबरला असतो म्हणून तेव्हाच ठेवायचा आग्रह नको, आपल्याकडं भाताची सुगी चालू असते. १ नोव्हेंबरच्या (कर्नाटक राज्योत्सव आणि मराठी माणसांचा काळा दिवस) आसपास, १७ जानेवारीला सीमालढ्याच्या हुतात्मा दिनाला आणि बेळगावच्या सुवर्णसौधात विधिमंडळाचं अधिवेशन असताना पोलिसांवर ताण असतो, परवानगी लटकते. जानेवारीचा शेवटचा आठवडा ते मार्च सगळ्यात सोयीचा. १८ एप्रिलचा जागतिक वारसा दिन जमला तर चांगलंच, पण गावची यात्रा कधी आहे ते आधी पंचांना विचारा. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित जागेवर कार्यक्रम असेल तर त्यांची लेखी परवानगी वेगळी घ्यावी लागते, पोलिसांची पुरत नाही.

एक गोष्ट कायद्याची. असे कार्यक्रम सुरू झाले की कुणीतरी नांगरताना सापडलेली नाणी किंवा तांब्याचा पत्रा घेऊन तुमच्याकडं येणारच. मंडळानं तो ठेवून घ्यायचा नाही. कर्नाटकात भूमिगत निधीचा १९६२ चा कायदा लागू आहे. जमिनीतून निघालेल्या अशा वस्तूची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. त्या माणसाला अर्ज लिहून द्या, फोटो आणि मापं घ्या, त्याच्याबरोबर तहसील कार्यालयात जा. विकायला निघालेला असेल तर समजावून सांगा, अडकेल तोच.

पैशाचं म्हणाल तर वीरगळाच्या दिवसाला चहा, चिरमुरे आणि एक टेप एवढंच लागतं. मोडी वाचणाऱ्याला येण्याजाण्याचा खर्च आणि मानधन मात्र आधी ठरवून द्या, शाल-नारळावर भागवू नका. एक जाड बांधीव वही घ्या आणि पहिल्या दिवसापासून तारीख, जागा, वस्तू, मालक, फोटोचा नंबर असं त्यात लिहा. वहीची एक झेरॉक्स पंचांकडं आणि एक शाळेत ठेवा. पहिल्या वीरगळाचे फोटो आणि मापं झाली की पाठवा. अक्षरं असतील तर तिरक्या उजेडातले दोन्ही बाजूंचे पाठवा, वाचणाऱ्याची गाठ मी घालून देतो.