नोकरी बदलतोय, मेडिक्लेम जाणार. एचआयव्हीच्या गोळ्या खासगीतून चालू आहेत. आता कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात जावं का, आणि नवा विमा मिळेल का?

तुम्ही लिहिलंय की शिरोली एमआयडीसीतली नोकरी सोडून दुसऱ्या कंपनीत जाताय, ग्रुप मेडिक्लेम बंद होणार, गोळ्या आजवर खासगी डॉक्टरांकडून घेत आलात. त्यात अमेरिकेची मदत थांबल्याच्या बातम्या वाचून सरकारी गोळ्यांचाही भरवसा वाटेनासा झालाय.

आधी गोळ्या आणि विमा हे दोन हिशेब वेगळे मांडा. मेडिक्लेम हा मुळात ॲडमिट होण्यासाठी असतो. दर महिन्याच्या एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला आटोक्यात ठेवणाऱ्या, गोळ्या बहुतेक पॉलिसींत बसतच नाहीत, म्हणजे त्या तुम्ही आत्ताही खिशातूनच घेत असणार. तेव्हा मेडिक्लेम गेला म्हणून गोळ्यांवर संकट येत नाही. संकट येतं ते न्यूमोनिया, अपेंडिक्स किंवा गाडीवरून पडण्यासारख्या खर्चावर.

बातम्यांचं म्हणाल तर आपल्याकडच्या एआरटी केंद्रातल्या गोळ्या नाको, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, खरेदी करते. १ एप्रिल २००४ पासून त्या मोफत मिळतात. कार्यक्रमाचा पाचवा टप्पा २०२१ ते मार्च २०२६ साठी १५,४७१.९४ कोटींचा मंजूर झाला, तो केंद्र सरकारच्या पैशांवर. टप्पा संपला की गोळ्या संपतात असंही नाही. १९९२ पासून एकामागून एक टप्पे येत गेलेत. शिवाय २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याच्या कलम १४ नं उपचाराची जबाबदारी सरकारवर टाकलीय. तुटवडा मात्र पडू शकतो. २०२२ मध्ये डोल्युटेग्राविर या एचआयव्हीवरच्या औषधाच्या टंचाईवरून रुग्ण दिल्लीत नाकोच्या कार्यालयासमोर धरणं धरून बसले होते. म्हणून घरात निदान पंधरा दिवसांच्या गोळ्या जादा असाव्यात, आणि तारीख तीन-चार दिवसांवर आली की केंद्रात जावं, शेवटची गोळी संपायची वाट बघू नये.

सीपीआरला जायचं ठरवलंत तर खासगीतल्या महिनाभराच्या गोळ्या हातात ठेवूनच जा. पहिल्या भेटीतच गोळ्या मिळतील हे गृहीत धरू नका. आधी केसपेपर काढून आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, तपासणी होते. खासगी लॅबचा रिपोर्ट असला तरी तिथं पुन्हा रक्त घेतात आणि वेगवेगळ्या तीन चाचण्यांनी खात्री करतात. ‘मला आधीच माहीत आहे, परत कशाला’ म्हणून वाद घालण्यात वेळ जातो. नोंदणीची ती पद्धतच आहे. मग एआरटी केंद्रात नाव लागतं, समुपदेशकाशी बोलणं होतं, वजन होतं, क्रिएटिनिन (किडनीसाठी), यकृत, हिपॅटायटिस बी, सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशी) या तपासण्या होतात आणि टीबीची लक्षणं विचारतात. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि चालू गोळ्यांची बाटली सोबत घ्या.

सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे आजवर कोणत्या गोळ्या कधीपासून कधीपर्यंत घेतल्या आणि का बदलल्या याची खासगी डॉक्टरांकडून घेतलेली यादी, सोबत शेवटच्या व्हायरल लोडचा (रक्तातल्या विषाणूंच्या प्रमाणाचा) रिपोर्ट. हा कागद नसला की गडबड होते. समजा पूर्वी एखादं औषध लागू पडेनासं झालं म्हणून बदललं होतं आणि ते तुम्ही सांगितलंच नाही, तर डॉक्टर तुम्हाला पहिल्या फळीचा, म्हणजे नेहमीच्या सुरुवातीच्या गोळ्या चालणारा, रुग्ण धरून चालतील. खासगीत बरेच जण टॅफच्या (टेनोफोविर अलाफेनामाइड) गोळीवर असतात. केंद्रातली नेहमीची गोळी टीएलडी, म्हणजे टेनोफोविर ३००, लॅमिव्हुडिन ३०० आणि डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम, आणि त्यातला टेनोफोविर जुना, टीडीएफ प्रकारचा. किडनीच्या कारणानं तुम्हाला टॅफवर ठेवलं असेल तर तसं लेखी आणा, म्हणजे डॉक्टर अबाकाविरसारखा पर्याय बघतील. हिपॅटायटिस बी असेल तर टेनोफोविर कुणाच्याही सांगण्यावरून परस्पर थांबवायचा नाही. यकृताला अचानक सूज येते.

इफाव्हिरेंझ या जुन्या औषधावरून टीएलडीवर आलात तर काही जणांची झोप उडते. मग गोळी रात्रीऐवजी सकाळी घ्यायची. क्रिएटिनिन पहिल्या काही आठवड्यांत किंचित वर दिसतं. किडनी तशीच असते, डोल्युटेग्राविरमुळे आकडा हलतो, पण वाढतच गेलं तर डॉक्टरांना दाखवा. तांबडा-पांढरा ओरपून वर अँटासिडचा घोट घेणारे आपल्याकडे कमी नाहीत. त्यातलं ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम डोल्युटेग्राविरला शोषूच देत नाही. गोळी अँटासिडच्या दोन तास आधी नाहीतर सहा तासांनंतर घ्या. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांनाही हाच नियम, फक्त त्या जेवणासोबत एकत्र घेतल्या तर चालतात. ॲसिडिटीच्या पँटोप्राझोलचा त्रास नाही. शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. टीबीचं रिफाम्पिसिन सुरू झालं तर बारा तासांनी डोल्युटेग्राविरची आणखी एक ५० ची गोळी लागते, आणि रिफाम्पिसिन थांबल्यावरही ती दोन आठवडे चालू ठेवावी लागते.

केंद्रात दर भेटीला बाटलीत उरलेल्या गोळ्या मोजतात. तीस दिवसांच्या बाटलीत दोन चुकल्या की पालन (गोळ्या नेमानं घेण्याचं प्रमाण) ९५ टक्क्यांच्या खाली येतं आणि समुपदेशक विचारणारच. विसरलात तर खरं सांगा. लोक ओरडा बसेल म्हणून उरलेल्या गोळ्या घरी ठेवून रिकामी बाटली आणतात, आणि व्हायरल लोड वाढला की औषध निकामी झालं की घेतलंच नव्हतं हे डॉक्टरांना कळत नाही. लोड १००० च्या वर आला की आधी समुपदेशन, मग तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी. सगळं ठीक असेल तर पुढे वर्षातून एकदाच लोड होतो आणि गोळ्या तीन-तीन महिन्यांच्या मिळू शकतात. म्हणजे नव्या नोकरीत वर्षाला चारच अर्धे दिवस काढावे लागतील.

ओळखीचं कुणी दिसेल या भीतीनं सीपीआर नको असेल तर सांगलीत किंवा मिरजेत नाव घाला, जिल्ह्याचं बंधन नाही. मात्र एकाच वेळी दोन केंद्रांत नाव ठेवू नका. नोंदी आता संगणकावर असतात, गोंधळ तुमच्याच गोळ्यांचा होतो. कायमचं गाव बदलताना ट्रान्सफर आउट घ्या, म्हणजे नाव दुसऱ्या केंद्रात वर्ग करून घ्या; थोड्या दिवसांसाठी बाहेर असाल तर ग्रीन बुक (केंद्रातून मिळणारी उपचाराची वही) दाखवून तिथल्या केंद्रातून गोळ्या मिळतात.

आता विमा. राजीनामा देण्याआधी एचआरकडून पॉलिसी नंबर आणि कव्हरची शेवटची तारीख घ्या. ग्रुपमधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज करता येतो, आणि ग्रुपमध्ये काढलेली वर्षं वेटिंगमधून, म्हणजे जुन्या आजाराचा खर्च मिळण्याआधी थांबावं लागतं त्या काळातून, वजा होतात. घ्यायचं की नाही हे कंपनी ठरवते, पण अर्ज कव्हर संपण्याआधीच पोचला पाहिजे. मध्ये खंड पडला की सगळं नव्यानं मोजतात.

अगदी नवी पॉलिसी घ्यायची असेल तर विमा क्षेत्राचं नियामक आयआरडीएआयनं फेब्रुवारी २०२३ मध्ये सगळ्या जनरल आणि हेल्थ विमा कंपन्यांना दिव्यांग, एचआयव्हीबाधित आणि मानसिक आजार असलेल्यांसाठी पॉलिसी ठेवायला सांगितलंय. एजंट ‘अशी पॉलिसीच नसते’ म्हणाला तर कंपनीला ईमेल करून लेखी नकार मागा. पॉलिसी वाचताना वेटिंग किती महिने (२०२४ पासून आधीच्या आजारांसाठी ३६ पेक्षा जास्त नाही), को-पे (बिलातला तुमचा वाटा) किती टक्के, सीडी४ ची अट आहे का आणि एचआयव्हीतून उद्भवलेले आजार कायमचे वगळलेत का, एवढं बघा. प्रपोजल फॉर्मवर आजार लपवू नका. एजंट हमखास म्हणेल, ‘लिहू नका, कोण बघतंय’. क्लेमच्या वेळी इनडोअर पेपर (रुग्णालयातल्या उपचाराच्या नोंदी) मागवतात, त्यात एआरटी दिसते आणि पॉलिसी रद्द होते. पॉलिसीला साठ महिने सलग झाल्यावर आजार लपवल्याचं कारण कंपनीला चालत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच चालतं, पण पाच वर्षं जीव मुठीत धरून हप्ते भरण्यात काही अर्थ नाही. नकार अन्यायाचा वाटला तर आधी कंपनीकडे तक्रार करा. तीस दिवसांत तोडगा निघाला नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा. तिथं फी नाही, वकीलही लागत नाही.

नव्या कंपनीत ग्रुप पॉलिसी असेल तर एचआरला एवढंच विचारा, ‘प्री-एक्झिस्टिंग पहिल्या दिवसापासून कव्हर आहे का?’ बीपी-शुगरवाले हेच विचारतात, कुणाला शंका येत नाही. पगार महिन्याला २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा योजना, लागू होईल. त्यात जुन्या आजाराचं वेटिंग नाही, तुमचे ०.७५ टक्के कापतात आणि कंपनी ३.२५ टक्के भरते.

विमा मिळेपर्यंत, आणि मिळाल्यावरही, महात्मा फुले जन आरोग्य योजना धरून ठेवा. आता पांढऱ्या रेशनकार्डालाही लागू आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत, आणि एचआयव्ही आहे म्हणून वेटिंग नाही. अडतं ते रेशनकार्डावरच्या नावाशी आधारचं नाव जुळत नाही म्हणून. ती दुरुस्ती आजच टाका, ॲडमिट झाल्यावर होत नाही. त्या आजाराचं पॅकेज त्या रुग्णालयात आहे का हे ॲडमिट होतानाच आरोग्यमित्राला (रुग्णालयातल्या योजनेच्या माणसाला) विचारा. बिल झाल्यावर विचारून उपयोग नाही. चौकशी १५५३८८ वर होते.

ऑफिसात कळण्याबद्दल. नोकरीसाठी एचआयव्ही चाचणीची अट घालणं कायद्यानं बंद आहे, आणि तुम्हाला नीट समजावून घेतलेल्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही. जॉइनिंगच्या मेडिकलला लॅबच्या चिठ्ठीवर काय काय लिहिलंय ते रक्त देण्याआधी वाचा. क्लेमचे कागद एचआरच्या टेबलावर ठेवू नका, थेट टीपीएकडे (विमा कंपनीसाठी क्लेम हाताळणाऱ्या संस्थेकडे) पाठवा. एखाद्या रुग्णालयानं एचआयव्ही म्हणून ऑपरेशन नाकारलं तर तो कायद्याचा भंग आहे. नकार लेखी मागा. आणि बिलात ‘एचआयव्ही किट’ म्हणून वेगळी रक्कम दिसली तर भरण्याआधी हे किट प्रत्येक रुग्णाला लावता का, असं विचारा. हातमोजे, गाऊन, चष्मा ही खबरदारी सगळ्यांसाठी सारखीच घ्यायची असते. अशा तक्रारीसाठी सीपीआरमधल्या जिल्हा एड्स नियंत्रण पथकात जा, नाहीतर १०९७ ला फोन लावा. नाव न सांगताही बोलता येतं.