शेततळ्यातल्या माशांना अळ्यांचे खाद्य: किती आणि कसे?

मुरबाड भागातील काही शेतकऱ्यांनी विचारले आहे: "शेततळ्यात रोहू, कटला, मृगळ सोडले आहेत. पेंड परवडत नाही. वाशी मार्केटची टाकाऊ भाजी आणून काळ्या सैनिक माशीच्या अळ्या वाढवल्या आणि माशांना नुसत्या त्याच घातल्या तर चालेल का? घराभोवती माश्यांचा त्रास होईल का?"

शेतकरी बंधू-भगिनींनो, अळ्या जरूर वाढवा, पण नुसत्या अळ्यांवर मासे पोसू नका. सुक्या अळीत साधारण ४० टक्के प्रथिने असतात, कॅल्शियमही भरपूर असते. मात्र चरबी फार असते आणि फिशमीलमधून (सुक्या माशांच्या पिठातून) मिळणारे ओमेगा-३ हे उपयुक्त स्निग्धाम्ल नगण्य. म्हणून कोंडा आणि शेंगदाणा पेंडीच्या नेहमीच्या मिश्रणात १० टक्क्यांपासून सुरुवात करा. म्हणजे १० किलो खाद्यात १ किलो सुक्या अळ्यांचे पीठ. ओल्या अळीत दोन तृतीयांश पाणीच असते, तेव्हा या एक किलोसाठी ताज्या अळ्या तीन किलोच्या आसपास लागतील. हा हिशेब आधी करा, मगच अळ्या वाढवायला टब किती घ्यायचे ते ठरवा.

त्रासाची भीती नको. ही माशी घरमाशीसारखी अन्नावर घोंघावत नाही. प्रौढ माशी जेमतेम आठवडाभर जगते, तीही बहुतेक अळीपणी साठवलेल्या चरबीवर. टबाला दुर्गंधी येऊ लागली तर कचरा जास्त ओला झाला असे समजा. पालेभाजी पाणी सोडते, त्यामुळे तिच्यात कोंडा मिसळाच. मूठभर कचरा दाबल्यावर बोटांतून एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागू नये.

मला खरी काळजी वाटते ती कचऱ्याची. कोबी-फ्लॉवरच्या बाहेरच्या पानांवर फवारणीचा अंश असू शकतो आणि कीटकनाशकाने अळ्याही मरतात. नवा माल आला की आधी थोड्या अळ्यांवर एक-दोन दिवस पाहा. कारखान्यांच्या पट्ट्यातला किंवा गटाराकाठचा कचरा फुकट मिळाला तरी आणू नका. अळीच्या अंगात कॅडमियम साठते, तिथून ते माशात आणि पुढे आपल्या ताटात येण्याचा धोका आहे.

दोनेक आठवड्यांत अळी बोटाच्या पेराएवढी होते. रंग मळकट पांढरा असतानाच चाळून घ्या. काळपट पडल्यावर साल जाड होते आणि माशांना पचायला जड जाते. थोड्या मात्र काळ्या होऊ द्या, पुढच्या अंड्यांसाठी त्याच लागतील. चाळलेल्या अळ्या धुऊन उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवा, कडक उन्हात कुरकुरीत वाळवा आणि दळा. तेलकटपणामुळे पीठ लवकर खवट होते, तेव्हा आठ-दहा दिवसांपुरतेच करा.

आपल्याकडच्या पावसात दोन्ही बाजूंनी अडचण येते. अळ्या वाळत नाहीत, आणि माश्यांच्या मीलनाला लख्ख उजेड लागत असल्याने अंडीही कमी मिळतात. पहिली खेप दिवाळीनंतरच लावा.

बोटुकलीएवढ्या पिलांना हे पीठ नको, त्यांचे नेहमीचे खाद्यच चालू ठेवा. मोठ्या माशांचे खाद्य छिद्रे पाडलेल्या गोणीत भरून बांबूला टांगा आणि दोन तासांनी गोणी वर काढून पाहा. खाद्य उरले असेल तर दुसऱ्या दिवशी तेवढे कमी घाला. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून हवा घेत असतील, तर त्या दिवशी कोणतेच खाद्य न घालता ताजे पाणी सोडा.