इंटरकूलरवर कार्बन डायऑक्साइड फवारण्यापूर्वी
फवारा इंटरकूलरच्या, म्हणजे टर्बो इंजिनात जाणारी हवा थंड करणाऱ्या भागाच्या, बाहेरच्या जाळीवरच पडला पाहिजे; हा वायू इंजिनात शिरला, तर प्राणवायूची जागा घेऊन ताकद उलट घटवतो. आत जाणारी हवा ६० अंश सेल्सिअसवरून ४० वर आली, तर ती सुमारे ६ टक्के दाट होते, आणि ताकदीतला लाभही साधारण तेवढाच. खरी अडचण आपल्या मराठवाड्यातल्या उन्हाची आहे: ३१ अंशांच्या वर हा वायू द्रवरूपात राहतच नाही, त्यामुळे मे महिन्यात नांदेडला तापलेल्या सिलिंडरमधून पांढरे हिमकण कमी पडतात, आतला दाब मात्र धोकादायक वाढतो. सिलिंडर सावलीत ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावा. बंद गाडीत मुळीच नको, गळती झाल्यास माणूस गुदमरतो. माझे मत विचाराल, तर आधी जाळीत अडकलेली धूळ आणि कापसाचे तंतू मऊ ब्रशने काढावेत.