बारावी आर्ट्स झालंय. नागपुरात अ‍ॅम्ब्युलन्सवर काम करायचं तर सुरुवात कुठून करू?

तुमचं वय २१, कळमना मार्केटात एका अडत्याकडे हिशेब लिहिता, आणि अमेरिकेत असतो तसा 'इमर्जन्सी मेडिकल रिस्पॉन्डर'चा पहिल्या पायरीचा कोर्स नागपुरात करता येईल का, असं विचारलंय. शिवाय रक्त पाहिलं की गरगरतं, त्याचं काय? मी चार वर्षं इथल्या एका खाजगी हॉस्पिटलच्या अ‍ॅम्ब्युलन्सवर ईएमटी आहे, म्हणजे गाडीत रुग्णाला सांभाळणारी टेक्निशियन, बहुतेक नाइटला. गरगरण्याचं शेवटी सांगते. आधी पैशाचं बोलू, कारण फी भरल्यावर ते बोलून उपयोग नसतो.

"कोर्स करा, १०८ वर लागाल," असं तुम्हाला कोणी ना कोणी सांगेल. मलाही सांगितलं होतं. महाराष्ट्रात १०८ नंबरची सरकारी गाड्यांची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली ती ९३७ गाड्यांची, त्यांत २३३ अ‍ॅडव्हान्स आणि ७०४ बेसिक. पण आपल्याकडे प्रत्येक गाडीवर डॉक्टर द्यायचा असं ठरलं. बीएएमएस, बीएचएमएस, बीयूएमएस झालेले. इतर राज्यांत रुग्णाजवळच्या ज्या सीटवर टेक्निशियन बसतो, तिथे आपल्याकडे डॉक्टर बसतो. रुग्णाचा फायदाच आहे, तक्रार नाही. पण बारावीवर कोर्स केलेल्याला त्या सीटवर जागा नाही, हे मला अर्धा कोर्स झाल्यावर कळलं. तेव्हा घरी सांगितलंसुद्धा नाही.

मग जागा कुठे आहेत? धंतोली-रामदासपेठेतली आणि वर्धा रोडवरची खाजगी हॉस्पिटलं. हायवेवरच्या टोलनाक्यांच्या गाड्या, म्हणजे १०३३ ला फोन केला की येतात त्या, आणि इथून शिवमडक्यापासून सुरू होणारा समृद्धी महामार्ग. बुटीबोरी-हिंगण्याचे कारखाने विसरू नका. कायद्याप्रमाणे ५०० हून जास्त कामगार असतील तर तिथे अ‍ॅम्ब्युलन्स रूम, म्हणजे उपचाराची खोली, ठेवावीच लागते. माझ्या बॅचमधले दोघं तिथेच लागले आणि माझ्यापेक्षा वेळेवर घरी जातात. माझा पहिला पगार १२ हजार होता. कामातला मोठा भाग सायरनचा नसतोच. डायलिसिसच्या आजींना आणायचं, सोडायचं, आयसीयूतला पेशंट एमआरआयला न्यायचा, डिस्चार्ज झालेल्याला उमरेडला पोचवायचं. हे वाचून मन उतरलं असेल तर आत्ताच उतरू द्या.

आता कोर्स. अमेरिकेत चार पायऱ्या आहेत: ईएमआर, ईएमटी, अ‍ॅडव्हान्स ईएमटी, पॅरामेडिक. त्यातली पहिली आपल्याकडे त्या नावानं बाजारात मिळत नाही. तिच्या जवळचा प्रकार म्हणजे एमएफआर, मेडिकल फर्स्ट रिस्पॉन्डर, जो एनडीआरएफचे, म्हणजे आपत्तीत बचाव करणाऱ्या राष्ट्रीय दलाचे, जवान करतात. गंमत म्हणजे त्यांची अकादमी आपल्या नागपुरातच आहे. पण ते प्रशिक्षण मुख्यतः दलांच्या लोकांसाठी. तुमच्यासाठी रस्ता हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलच्या 'ईएमटी बेसिक'चा, लेव्हल ४. आर्ट्सवाल्याला प्रवेश देता का, हे केंद्राला लेखी विचारा. तोंडी सगळेच हो म्हणतात. केंद्राचं नाव 'स्किल इंडिया डिजिटल' या सरकारी वेबसाइटवर दिसतंय का बघा. आणि एकच प्रश्न विचारा: हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत प्रत्यक्ष किती दिवस उभं करणार? उत्तर देताना समोरचा ब्रोशर चाळायला लागला तर चहा पिऊन उठा.

त्याआधी, हिशेबाची नोकरी न सोडता, सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्सचा प्रथमोपचाराचा कोर्स करा. खर्च किरकोळ, आणि हे काम आपल्याला सोसतं का ते कळतं. जिल्हा प्रशासनाकडून 'आपदा मित्र'चं १२ दिवसांचं प्रशिक्षण निघालं तर तेही घ्या.

क्लासमध्ये काय शिकवतात? मला वाटलं होतं इंजेक्शनं, टाके. आमच्या सरांनी पहिल्या दिवशी सगळ्यांना हात पाठीमागे बांधायला लावले. गाडीतून उतरल्यावर पहिले दहा सेकंद असेच, फक्त डोळे चालवा. वायर लोंबतेय का, पेट्रोल सांडलंय का, मागून ट्रक येतोय का. परीक्षेत सगळे पोपटासारखं "सीन सेफ" म्हणून मोकळे होतात. रिंग रोडवर रात्री दोनला ते म्हणायला खरोखर मान वळवावी लागते.

पुढचे कितीतरी आठवडे असेच, हात आवरण्याचे. अपघातातल्या माणसाला लोकांनी उठवून बसवलेलं असतं, कोणीतरी बाटली तोंडाला लावलेली असते. तुम्ही पाणी थांबवायचं, मान धरायची. मणक्याची शंका असेल तर श्वासमार्ग उघडायला डोकं मागे झुकवायचं नाही, जबडा पुढे उचलायचा. साप चावला तर दोरी आवळायची नाही, चीर द्यायची नाही, चोखायचं तर मुळीच नाही. अंगठी-जोडवी काढायची, पाय फळीला बांधून हलू द्यायचा नाही आणि गाडी लस असलेल्या दवाखान्याकडे. ती लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालते. मण्यार रात्री झोपेत चावते आणि फारसं दुखतही नाही, म्हणून "किडा चावला असंल" म्हणत सकाळ उजाडते. पावसाळ्यात हे आठवेल तुम्हाला.

मे महिन्यातलं तर तुमच्या कळमन्यातलंच. हमाल पोती उतरवता उतरवता बडबडायला लागतो, अंग तव्यासारखं. ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा असतोच. कांद्यावर माझा राग नाही, पण शुद्ध हरपत असलेल्या माणसाला ग्लासभर सरबत पाजणाऱ्यांवर आहे. ते फुप्फुसात जातं. सावलीत न्या, कपडे भिजवा, वारा घाला, मान-काख-जांघेत बर्फ ठेवा. गाडी येईपर्यंत थांबू नका. तुम्ही ईएमटी व्हा न व्हा, एवढं उद्यापासून करू शकता.

हात चालवायचे ते सीपीआरमध्ये, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबताना. मिनिटाला १०० ते १२० दाब, मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटीमीटर दबली पाहिजे, ३० दाबांमागे २ श्वास. दाबण्याइतकंच सोडणं महत्त्वाचं, छाती पूर्ण वर येऊ द्यायची. डमीवर दोन मिनिटांत घाम फुटतो. म्हणूनच दर दोन मिनिटांनी माणूस बदलतात. चालत्या गाडीत, वळणावर, एका हातानं दांडा धरून... ते डमी शिकवत नाही.

आणि उचलणं. याबद्दल कोणी विचारत नाही म्हणून सांगते. महालातल्या, इतवारीतल्या जुन्या घरांचे जिने असे की स्ट्रेचर वळतच नाही. नव्वद किलोचे काका तिसऱ्या मजल्यावरून चादरीत घालून खाली आणायचे. गुडघे वाकवायचे, कंबर नाही. वजन अंगाला चिकटून. "मॅडम, तुम्हाला जमते का जी?" असं म्हणणारा पुतण्याच पहिल्या वळणावर दम टाकतो.

आता माझी चूक. नवी होते. भंडाऱ्याहून एक पेशंट आणायचा होता, ऑक्सिजन मिनिटाला १० लिटर. गाडीत बी टाइप सिलिंडर. तो पूर्ण भरलेला असला, काटा १५० वर असला, तर साधारण १५०० लिटर, म्हणजे अडीच तास. मी निघताना काटा पाहिला, "आहे" एवढंच पाहिलं. तो ५० वर होता. ५०० लिटर, ५० मिनिटं. हे गणित चौथीतलं पोरगं करेल. मी पारडीच्या अलीकडे केलं, जेव्हा पिशवी फुगेना आणि ऑक्सिमीटरवर ९४ चे ८८ झाले. दुसरा सिलिंडर होता, पण चावी सापडेना. मी अंबू बॅग, म्हणजे हातानं श्वास द्यायची पिशवी, दाबत बसले आणि पायलटकाकांनी, म्हणजे आमच्या ड्रायव्हरनं, गाडी बाजूला घेऊन सीटखालून चावी काढली. दीड-दोन मिनिटं गेली असतील. पेशंट नीट पोचला. काका फक्त एवढंच म्हणाले, "काटा वाचाचा असते मॅडम, पाहाचा नसते." तेव्हापासून आमच्या गाडीत चावी सुतळीनं सिलिंडरच्या गळ्यात बांधलेली असते आणि ड्यूटीवर आल्या आल्या मी लिटरचं मिनिटांत रूपांतर करून पाटीवर लिहिते. म्हणूनच तुम्ही हिशेब लिहिता हे वाचून मला बरं वाटलं. या कामाला हिशेबी माणूस लागतो.

रक्ताचं. माझ्या बॅचमध्ये आर्ट्सची दोन मुलं होती, त्यातला एक पहिल्या आठवड्यात ड्रेसिंग बघताना सरळ खाली गेला. आज तो कारखान्यात आहे आणि कापलेली बोटं बांधतो. रक्त पाहून काही जणांचा रक्तदाब एकदम पडतो, त्याचा धीटपणाशी संबंध नाही. सरांनी त्याला एक युक्ती शिकवली: गरगरायला लागायच्या आधीच मांड्या, पोट, दंड दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचे, चेहऱ्यावर गरमी जाणवली की सोडायचे, थोडं थांबून पुन्हा. पाचेक वेळा. रक्तदाब वर राहतो. आठवडाभर घरी सराव करा, मग मोबाईलवर ऑपरेशनचा व्हिडिओ लावून बघा. गुडघे लॉक करून ताठ उभे राहू नका, आणि तरीही अंधारी आलीच तर लाज न बाळगता जमिनीवर बसा. उभ्यानं पडलात तर कॅज्युअल्टीला आणखी एक पेशंट मिळतो. क्लासला उपाशीपोटी जाऊ नका. पोहे चालतील, तर्री मात्र परतताना.