केसपेपरवरची एक ओळ

प्रश्न : माझी आई (वय ६१) तीन वर्षांपासून नैराश्यासाठी फ्लुओक्सेटिन घेते. चौदा महिन्यांपूर्वी पुण्यातील एका रुग्णालयात तिच्या मनगटाची शस्त्रक्रिया झाली आणि वेदनांसाठी ट्रामाडोल देण्यात आले. दुसऱ्या दिवशी घाम, थरथर, प्रचंड अस्वस्थता आणि मग आकडीचा झटका आला; चार दिवस अतिदक्षता विभागात काढावे लागले. रुग्णालय म्हणते, ‘गोळ्यांबद्दल तुम्ही सांगितलेच नाही.’ आम्ही नाशिकला राहतो. दावा करता येईल का?

उत्तर : दावा करता येईल, तो टिकेल की नाही, हे मात्र भरतीच्या दिवशी केसपेपरवर काय लिहिले गेले यावर ठरेल. ट्रामाडोल वेदना शमवते, तसेच मेंदूतील सेरोटोनिन हे रसायनही वाढवते. फ्लुओक्सेटिनचे तर तेच काम, आणि शिवाय यकृतातील ज्या विकरामुळे (एन्झाइममुळे) ट्रामाडोलला त्याचा खरा वेदनाशामक गुण येतो, त्या विकरालाच ते अडवते. म्हणजे वेदना पुरेशा कमी होत नाहीत, सेरोटोनिन मात्र दोन्हीकडून वाढते आणि झटक्याची शक्यताही वाढते. ही माहिती औषधाच्या पत्रकातच असते. तरीही काही डॉक्टर जपून, लक्ष ठेवून ही औषधे एकत्र देतात, त्यामुळे ‘दोन्ही दिली’ एवढ्यानेच निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. डॉक्टरांना माहीत होते का, त्यांनी विचारले का आणि नंतर लक्ष ठेवले का, हे तीन मुद्दे आपल्याला सिद्ध करावे लागतील.

म्हणून परिचारिकेने भरलेला भरतीचा तक्ता आणि भूलतज्ज्ञांची पूर्वतपासणीची नोंद मिळवा. दोन्हींत ‘चालू औषधे’ हा रकाना सहसा असतो. तिथे फ्लुओक्सेटिन लिहिलेले असेल, तर रुग्णालयाचा बचाव तिथेच ढासळतो. रकाना कोरा असेल, तर विचारलेच नाही असा युक्तिवाद करता येतो. ‘काही नाही’ असे लिहून खाली आपली सही असेल, तर दावा कमकुवत होतो आणि भरपाई मिळालीच तरी ती घटू शकते. आपल्या घरांत रक्तदाबाची गोळी चारचौघांत सांगतात आणि नैराश्याची पर्समध्ये दडवतात, हे मी अनेक फायलींत पाहिले आहे. तसे झाले असेल, तर प्रतिज्ञापत्र करण्याआधी वकिलाला खरे सांगा.

वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकृत केलेल्या व्यक्तीने मागितल्यास कागदपत्रे ७२ तासांत द्यावी लागतात. ती जपण्याचे बंधन तीनच वर्षांचे आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे, म्हणजे आपल्या हातात दहा महिने उरतात. तक्रार आईच्या नावे, आणि ती नाशिकच्याच जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. अधिकारक्षेत्र व शुल्क आपण भरलेल्या बिलावर ठरते आणि बिल पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञांचे मत लागतेच असे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये व्ही. किशन राव प्रकरणात सांगितले आहे; पण इथे औषधांच्या परिणामाचा प्रश्न असल्याने एखाद्या औषधशास्त्रज्ञाचे लेखी मत मी तरी घेईनच.

ट्रामाडोल बाहेरच्या औषधविक्रेत्याकडून घेतले असेल आणि फ्लुओक्सेटिनही तिथूनच येत असेल, तर पावत्या जपा. औषधांचा आपसातील विरोध पाहण्याची जबाबदारी २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस विनियमांनी फार्मासिस्टवरही टाकली आहे.

पोलिसांकडे जाऊ नये, असे माझे मत आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या जेकब मॅथ्यू निकालानंतर (२००५) फौजदारी गुन्ह्यासाठी ढळढळीत, घोर निष्काळजीपणा दाखवावा लागतो. आपल्या माहितीवरून तो इथे दिसत नाही. दरम्यान आईच्या गोळ्या घाबरून स्वतःहून बंद करू नका, त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञांनाच विचारा.

कागदपत्रांचा अर्ज आईच्या सहीने लगेच द्या आणि पोच घेताना तारखेबरोबर वेळही लिहून घ्या, कारण ७२ तास तिथून मोजले जातात.