डीपीएफचा लाइट सारखा लागतोय, फिल्टर काढून टाकू का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: बीएस ६ ट्रक, गाडी तुमचीच आणि स्टेअरिंगवरही तुम्हीच, हप्ते अजून बाकी. डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, लाइट दर आठ-दहा दिवसांनी लागतो, पिकअप मरतो, आणि अड्ड्यावरचा एक जण म्हणतोय की फिल्टर पोकळ करून सॉफ्टवेअर मारून देतो, कटकट कायमची जाईल.

काढू नका. कायद्याचं नंतर सांगतो, आधी पोटापाण्याचं.

आठ दिवसांत फिल्टर भरतोय याचे बहुधा दोन अर्थ. एक तर इंजिन गरजेपेक्षा जास्त काजळी पाठवतंय, नाहीतर जमलेली काजळी जळायला हवी ती उष्णता मिळत नाहीये. फिल्टर काढला की लाइट जाईल. टपकणारा इंजेक्टर, ऑइल सोडणारा टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा), फाटलेली नळी हे सगळं मात्र जागच्या जागी राहील, आणि त्याची बोंब मारणारं कुणी उरणार नाही. पुढे कधीतरी थेट इंजिनच उघडावं लागेल.

मी स्वतः यातून गेलोय. माझी गाडी आधी सोलापूरकडच्या कारखान्यांवरून साखरेची पोती घेऊन न्हावा शेव्याला यायची. भरलेली गाडी, तीनशेच्या वर किलोमीटर, सलग चाल. तेव्हा डीपीएफ नावाची वस्तू गाडीत आहे हे मी विसरूनही गेलो होतो. मग रोज घरी जेवायला मिळेल या मोहाने बंदरातल्या कंटेनरचं लोकल काम घेतलं. पंधरा-वीस किलोमीटरचा फेरा आणि गेटच्या रांगेत तासन्‌तास हळूहळू सरकणं. तिसऱ्या आठवड्यात लाइट.

कारण साधं आहे. भरलेली गाडी दमात चालते तेव्हा धूर अडीचशे ते चारशे अंशांपर्यंत तापतो आणि काजळी आपोआप जळत राहते. तेवढं जमलं नाही की गाडी स्वतः जादा डिझेल सोडून फिल्टर सहाशे अंशांच्या आसपास तापवते. हेच रीजन. रांगेत धूर गार पडतो, रीजन सुरू झालंच तर आपण गेटवर किल्ली फिरवून बंद करतो, आणि सगळं अर्धवट राहतं. काही इंजिनांत हे जादा डिझेल सिलिंडरमध्येच मारलं जातं, त्यातलं थोडं खाली ऑइलमध्ये उतरतं. म्हणून डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका. वास घ्या. डिझेलचा वास आला तर ऑइल बदला.

तेव्हा अर्धा दोष माझ्याच कामाचा होता. मी आठवड्यातून एक लांबचं भाडं धरायला लागलो. तरीही चौथ्या दिवशी लाइट! एका वर्कशॉपने फिल्टर काढून साफ केला, बिल लावलं. वीस दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा साफ, पुन्हा बिल. तिसऱ्यांदा म्हणाले, नवा फिल्टर टाका. किंमत ऐकून मी गाडीच्या टायरवर बसलो.

शेवटी कळंबोलीतल्या एका मिस्त्रीने फिल्टरला हातही लावला नाही. आधी विचारलं, लाइट किती किलोमीटरला लागतो? मला सांगता येईना. मग त्याने टर्बोकडून इंटरकूलरकडे (ती हवा गार करणाऱ्या जाळीकडे) जाणारी रबरी नळी क्लॅम्प सोडून काढली आणि हातात वाकवली. क्लॅम्पच्या खाली बोटभर चीर. गाडी उभी असताना ती मिटलेली, चढावर दाब आला की उघडायची. हवा बाहेर, डिझेल तेवढंच, म्हणजे काजळीच काजळी. नळीचा खर्च साफसफाईच्या एका बिलाच्या दहाव्या हिश्श्याइतकाही आला नाही. त्याच वेळी फिल्टरच्या दोन्ही बाजूंचा दाब मोजणाऱ्या सेन्सरची बारीक नळी त्याने काढून फुंकली, तीही अर्धी चोंदलेली. हे तुम्हालाही करून घेता येईल: किल्ली ऑन, इंजिन बंद, स्कॅनरवर तो दाब जवळजवळ शून्य दिसायला हवा. नसेल तर सेन्सरच खोटं बोलतोय.

त्या दिवसापासून मी वही ठेवतो. रीजन कधी लागलं, किती किलोमीटरवर, कुठला लोड होता. तुम्हीही आजच सुरू करा. हे अंतर एकदम घटलं तर कुठेतरी बिघाड आहे: नळी, एअर फिल्टर, इंजेक्टर, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी यंत्रणा). कूलंट बाहेर कुठे न गळता कमी होत असेल तर ईजीआर कूलरवर संशय घ्या. अंतर लाखो किलोमीटरमध्ये हळूहळू कमी होत गेलं, तर ती राख आहे. राख इंजिन ऑइलमधून येते आणि ती जळत नाही, कितीही रीजन करा. तेव्हा मात्र फिल्टर काढून, भट्टीत तापवून, हवेने साफ करून घ्यावाच लागतो. साफ करणारा आधी आणि नंतर वजन करून दाखवत असेल तर त्याच्याकडे जा. ॲसिड किंवा प्रेशरचं पाणी मारणाऱ्याकडे जाऊ नका, आतलं सिरॅमिक आणि त्यावरचा लेप दोन्ही जातात. ऑइल मात्र पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच टाका, डब्यामागे चार पैसे वाचवून फिल्टर भरू नका. रस्त्याकडेला बायोडिझेल म्हणून मिळणारं स्वस्त तेलही नको, त्याने इंजेक्टर आधी जातात आणि मागोमाग फिल्टर.

युरियाचं वेगळं. त्याचा डीपीएफशी थेट संबंध नाही, तो पुढच्या एससीआरसाठी (धुरातले नायट्रोजनचे विषारी वायू मोडणारा भाग), पण लाइट लागला की लोक दोन्ही एकत्र करतात. गाडीचा युरिया म्हणजे शुद्ध पाण्यात ३२.५ टक्के. शेतीच्या पोत्यातला घोळून टाकणारे महाभाग मी पाहिलेत. २०१५ पासून आपल्याकडचा खताचा युरिया कडुनिंबाचं तेल लावून येतो. ते पंपात आणि नोझलमध्ये गेल्यावर काय होणार ते सांगायला नको.

उभ्या गाडीचं रीजन करायचं असेल तर अर्धा-पाऊण तास मोकळा ठेवा आणि जागा बघा. सायलेन्सरच्या तोंडातून तेव्हा भट्टीसारखी हवा येते. कारखान्याच्या यार्डात पाचट पसरलेलं असतं, जिनिंगमध्ये कापसाचे पुंजके उडत असतात, तिथे बटण दाबायचं नाही म्हणजे नाही.

आता कायदा. बीएस ६ हे गाडीच्या धुराचे नियम देशभर १ एप्रिल २०२० पासून लागू आहेत. प्रदूषणाचे नियम मोडून गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, शिवाय लायसन्स तीन महिने बाद. दहा गाड्यांचा मालक दुसरा ड्रायव्हर बसवेल. आपण काय करणार? वॉरंटी जाते ते वेगळंच, आणि गाडी विकायला काढल्यावर जाणता गिऱ्हाईक सायलेन्सरच्या तोंडात पांढरं फडकं फिरवून बघतो. फिल्टर शाबूत असेल तर फडकं फारसं काळं होत नाही.

उद्या सकाळी आधी ती नळी काढून वाकवून बघा. क्लॅम्पच्या खालचा भाग, वरून दिसत नाही तो. आणि गाडीचं काम लोकल आहे की लांबचं, तेही इथे लिहा, मग पुढचं सांगता येईल.