कडाकणी मऊ का पडते?

म्युनिकहून एका ताईंचं पत्र आलंय. माहेर तासगावकडचं. कडाकणी, म्हणजे नवरात्रात देवीसाठी तळतात ती गुळाची पातळ, कडक पुरी, त्यांना जमत नाहीये. लिहितात, ‘आजीसारख्या कडाकण्या मुलांना खाऊ घालायच्या आहेत. पहिल्यांदा केल्या त्या पुरीसारख्या टम्म फुगल्या आणि मऊ पडल्या. पुढच्या खेपेला कुरकुरीत होईपर्यंत तळत राहिले, तर कडू झाल्या. काय चुकतंय? आणि एअर फ्रायरमध्ये होतील का?’

ताई, कडाकणी तेलात असताना कुरकुरीत होतच नाही. तिच्यात गूळ असतो आणि गरम गूळ मऊच राहतो. ती कडक होते गार झाल्यावर. तेलातच कडक करायला गेलात की गूळ करपणार आणि कडू लागणार. तेव्हा बदामी रंगाच्या थोडं अलीकडेच बाहेर काढा, रंग बाहेर आल्यावरही चढतो. जाळीवर एकेक सुटी पसरा. एकावर एक रचल्या तर वाफ धरून मऊ पडतात.

फुगतात, कारण टोचे कमी पडतात. लाटून झाल्यावर काट्याने सगळीकडे, अगदी कडेपर्यंत टोचा. आणि पातळ लाटा. पोळीपेक्षाही पातळ.

आता पीठ. दोन वाट्या मैदा, अर्धी वाटी बारीक रवा, दोन चमचे बेसन, चिमूटभर मीठ, वेलदोडा, तीळ आणि दोन मोठे चमचे कडकडीत तेलाचं मोहन. पाऊण वाटी चिरलेला गूळ अर्धी वाटी कोमट पाण्यात विरघळवून गाळून घ्या. ते पाणी गार झाल्यावर थोडं थोडं घालत पीठ घट्ट, पुरीपेक्षाही घट्ट मळा. अर्धा तास झाकून ठेवून मग कुटा. आमच्याकडे पाट्यावर वरवंट्याने कुटायचे, तुम्ही लाटण्याने कुटा. हे टाळू नका, घट्ट पीठ त्यानेच लाटण्याजोगं होतं. जर्मनीत टाइप ४०५ चं पीठ मैद्याच्या जागी चालतं. अमेरिका-कॅनडातल्या वाचकांनी ब्रेडचं पीठ घेऊ नये, त्याची लाटी चिवट होते आणि आक्रसते. गूळ फार ओलसर मिळत असेल तर निम्म्या गुळाऐवजी साखर घ्या. गूळ हवेतला ओलावा ओढतो, साखर त्या मानाने कमी.

तेल १५०–१६० अंश सेल्सिअसच्या आसपास असू द्या, पुरीच्या तेलापेक्षा बरंच कमी. विजेच्या शेगडीची तबकडी बटण फिरवलं तरी लगेच निवत नाही, म्हणून आच आधीच उतरवा. तळताना खिडकी उघडी ठेवा आणि कढईपाशीच थांबा. तेलाने पेट घेतलाच तर पाणी मुळीच नको. शेगडी बंद करून झाकण ठेवा.

एअर फ्रायरचं विचारलंत. त्यात बिस्किटं होतील, चांगली होतील. पण मुलांना कडाकणी दाखवायची असेल तर तळाच.

पूर्ण गार झाल्या की डब्यात भरा. तरी मऊ पडल्याच तर ओव्हनमध्ये १२० अंशांवर आठ-दहा मिनिटं ठेवा आणि पुन्हा गार करा.

एक मात्र आवर्जून सांगते. आमच्या सांगलीकडच्या कडाकण्या नुसत्या खायच्या नसतात. घट बसले की सातव्या माळेला दोऱ्याने टांगून त्यांचा फुलोरा देवीवर बांधतात. काही घरांत पाचव्या माळेला. कडाकण्यांबरोबर त्याच पिठाची वेणी, फणी, करंडा, बांगड्या तळायच्या. आम्ही पोरं त्याखाली बसून आपली कुठली ते ठरवून ठेवायचो आणि हात लावला की आजी डोळे वटारायची. शिलंगणाचं सोनं देऊन आलो की फुलोरा उतरायचा, तेव्हा कुठे ती फणी हातात पडायची.

म्हणून मुलांना पिठाचा गोळा द्या, हवे ते दागिने करू द्या. तळण्याआधी प्रत्येकीला दोऱ्यापुरतं एक भोक पाडा, नंतर पाडायला गेलात तर तुटते. घट बसवत नसलात तरी देव्हाऱ्यावर दोरी बांधून टांगा आणि दसऱ्यापर्यंत कुणाला हात लावू देऊ नका, स्वतःलाही नाही.